गाळावरचा टोमॅटो

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळापासून खत, गॅस, कोळसा असं काय काय करता येईल, यावर काम करणाऱ्या संशोधक मुलामुलींना मी सांगलीत प्रशिक्षण देते. पहिल्या दिवशी वर्ग नाही. सकाळीच गमबूट चढवून सगळ्यांना थेट केंद्रावर नेते. यंदाच्या तुकडीत बायोचारचे (म्हणजे गाळापासून केलेल्या कोळशाचे), बायोगॅसचे प्रस्ताव तयार होते. गाळ बादलीत भरून घेतलेला मात्र एकानेही नव्हता.

टाकीतून निघालेला गाळ दाखवून मी विचारलं, "यात 99 टक्के पाणी आहे. ते 98 टक्क्यांवर आणलं तर वजन किती घटेल?" एक टक्का, असं दोघं-तिघं एकदम म्हणाले. मग कागदावर मांडायला लावलं. 100 किलो गाळात घन पदार्थ 1 किलो. हाच 1 किलो एकूण वजनाच्या 2 टक्के व्हायचा, तर एकूण 50 किलोच उरायला हवेत. म्हणजे निम्मं! गाळाच्या ट्रॉल्यांचा सगळा हिशेब इथंच बसतो किंवा फसतो, पण प्रस्तावांत तो क्वचितच असतो.

मग वाळवणीच्या वाफ्यांकडे गेलो. भेगा पडलेल्या काळ्या गाळातून टोमॅटोची रोपं तरारून वर आली होती, एकदोघांना पिवळी फुलंही. एक मुलगी खूश होऊन फोटो काढायला लागली. "मॅडम, हा तर पुरावाच! खत म्हणून चालतंय की."

केंद्रावरचे ऑपरेटर मामा हसले. "ओ ताई, ती कुणी लावल्यात व्हय? गावानं खाल्लेल्या टोमॅटोचं बी हाय ते."

फोन खाली आला. माणसाच्या पोटातून, गटारातून, टाक्यांतून फिरून ते बी जिवंत राहिलं असेल, तर जंतांची अंडी का राहणार नाहीत? जर्मनीत कंपोस्ट पुरेसं तापलं का, हे बघायला टोमॅटोचंच बी घालून तपासतात. ते ठरावीक प्रमाणाहून जास्त उगवलं की प्रक्रिया नापास. अमेरिकेच्या 1993 च्या नियमात उघड्या ढिगाला 15 दिवस 55 अंश किंवा वर तापमान आणि त्या काळात पाच वेळा उलटणं सांगितलंय. आमच्या वाफ्यात थर्मामीटर खुपसला, तर आतला ओला थर बाहेरच्या उन्हापेक्षाही गार. नुसतं वाळणं आणि तापणं यातला फरक मी दरवेळी स्लाइडवर सांगते, कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या रोपांनी माझं काम केलं.

तेवढ्यात गाळ न्यायला एक हळदवाले शेतकरी आले होते. त्यांनी पोरांनाच गाठलं. "तुम्ही शिकलेली माणसं. हळदीला टाकू का सांगा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी नाही, तुम्ही सांगा. जमिनीखाली पोसणाऱ्या पिकाला असला अर्धवट प्रक्रिया केलेला गाळ घातला, तर अमेरिकी नियमात काढणीपर्यंत 38 महिनेसुद्धा थांबावं लागतं. हे एकाला आठवलं, पण काकांना सांगताना त्याची जीभ अडखळली. "तीन वर्षं? मग नको बाबा," म्हणून काका रिकामी ट्रॉली घेऊन गेले.

दुपारी आधीच्या नमुन्यांचे धातूंचे आकडे आले. सगळ्या वाफ्यांत जस्त मर्यादेत, एकात मात्र खत नियंत्रण आदेशातल्या किलोला 1000 मिलिग्रॅमच्या बरंच वर. "आउटलायर आहे, बाकीच्यांपेक्षा फटकून पडलेला आकडा, काढून टाकू," एकजण म्हणाला. मी मामांची नोंदवही मागवली. कुठला वाफा कधी भरला, हे त्यात पेनाने लिहिलेलं. त्या वाफ्याच्या तारखांसमोर शेरा होता: 'नाल्याला फेस. गाळ बसेना.' तो नाला कारखान्यांच्या बाजूने येतो. कुणाचं पाणी, ते अजून कळायचंय. पण उष्णता दिली तर जंतू मरतात, जस्त जागचं हलत नाही; उलट सेंद्रिय भाग कुजून उडून गेला की उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. अशा गाळाचं कितीही चांगलं कंपोस्ट केलं तरी काय उपयोग?

संध्याकाळी 'आउटलायर' म्हणणाऱ्या त्याच मुलाने विचारलं, नाल्यावर रात्री नमुने घ्यायची परवानगी कोण देतं. अर्ज आम्ही तिथंच, मामांच्या टेबलावर लिहिला. रात्रपाळीला सोबत यायला मामा तयार झाले, फक्त चहा पोरांनी आणायचा या अटीवर.