क्रूकहेवनचे आजोबा

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला क्रूकहेवन नावाचं एक छोटंसं बंदर आहे. कॉर्कहून निघालं की रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी एका अंगाला नुसतं पाणी उरतं. यंदा मी तिथे पुन्हा गेले ती समुद्रासाठी नव्हे. मागच्या खेपेला पबमध्ये भेटलेल्या एका आजोबांसाठी गेले.

फास्टनेटच्या दीपगृहावर त्यांनी नोकरी केली होती. फास्टनेट म्हणजे भर अटलांटिकमधला एक उघडा खडक. अमेरिकेला निघालेल्या कित्येक आयरिश माणसांना मायदेशाचं शेवटचं दर्शन व्हायचं ते याचंच, म्हणून त्याला 'आयर्लंडचा अश्रू' म्हणतात. त्यावरचं दीपगृह १९०४ साली उजळलं. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचे चिरे याच खाडीत उतरवून तिकडे नेत आणि एकमेकांत खाचेत बसवत. आजोबांनी दोन्ही हातांची बोटं गुंतवून मला ते दाखवलं होतं. ''आता ओढ बघू,'' म्हणाले. मी ओढलं. बोटं हलली नाहीत.

त्या संध्याकाळी ते खूप बोलले. पाळी चार आठवड्यांची, पण हवा बिघडली की बदली माणसं यायची नाहीत आणि ती लांबायची. पाच सेकंदांनी एकदा दिवा फिरून यायचा. जमिनीवर आल्यावर कितीतरी वर्षं त्या ठेक्यावाचून त्यांना झोप लागेना. मग १९८९ साली दीपगृह स्वयंचलित झालं. निघायच्या सकाळी त्यांनी ओटा पुसला आणि किटली भरून ठेवली. पाळीवर येणाऱ्या माणसाला आल्या आल्या चहा मिळावा म्हणून ते नेहमीच भरून ठेवत. त्या दिवशी मागून कोणीही येणार नव्हतं. ''तरी भरली,'' एवढं बोलून ते गप्प झाले.

मी त्यांचा पत्ता घेतला नव्हता. पुन्हा आले की ते इथेच बसलेले असतील, असं मी धरूनच चालले होते.

या वेळी काउंटरमागच्या बाईंना विचारलं, तर त्या हातातला ग्लास ठेवून बाहेर आल्या. आजोबा हिवाळ्यात गेले. मला एकदम रडू आलं, आणि मग संकोच वाटला. एका संध्याकाळची ओळख. त्यांना माझं नावही आठवत नसेल. घरची माणसं असताना मी कोण रडणारी? पण बाईंनी माझा हात हातात घेतला आणि तिथे अंत्ययात्रेत घरच्यांना म्हणतात तेच शब्द मला म्हटले. त्या देशात ओळखीपाळखीची माणसंही रांगेत उभी राहून हात हातात घेतात. माझ्या दुःखाला तिथे कोणी नातं विचारलं नाही.

हळूहळू आसपासची मंडळी बोलू लागली. कोणी त्यांच्या होडीबद्दल सांगितलं, कोणी त्यांच्या रागाबद्दल. रागावत असत हे मला नवीनच होतं, आणि ऐकून बरं वाटलं. माझ्याकडे त्यांची फक्त एक मऊ बाजू होती. माझी पाळी आली तेव्हा मी किटलीची गोष्ट सांगितली.

ती त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. कोपऱ्यातले एक गृहस्थ, आजोबांचे जुने सोबती, खुर्ची ओढून जवळ आले आणि त्यांनी मला ती पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली.