वीझली कालपट: चार्ली अखेर एका वर्षाने सरकला

मागच्या वेळी लिहिलं होतं की हॅरी पॉटरच्या पुस्तकांतल्या वीझली भावांच्या कालपटात मोठ्या तिघांच्या (बिल, चार्ली, पर्सी) पट्ट्या आता पेन्सिलीवरून शाईवर नेते. बिल शाईवर गेला, पर्सी तर कधीचाच गेलाय. चार्ली मात्र अजून पेन्सिलीतच आहे, आणि खोडरबर घासून घासून त्या जागी चार्ट पेपरला भोक पडायची वेळ आलीय. पण या आठवड्यात एक गाठ सुटली. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भांडण तेच, जुनं: चार्लीचं जन्मसाल कोणतं? पहिल्या पुस्तकात धाकटा भाऊ फ्रेड सांगतो की चार्ली शाळेतून गेल्यापासून आपण क्विडिच (झाडूवर बसून खेळायचा खेळ) कप जिंकलेला नाही. तिसऱ्यात कॅप्टन वुड टीमला बजावतो की ग्रिफिंडॉरला, म्हणजे त्यांच्या हाउसला, सात वर्षं कप मिळालेला नाही. निक या भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनामुळे (तो मेला १४९२ साली, म्हणजे दुसरं पुस्तक १९९२ चं) आपली सनावळ पक्की आहे, तेव्हा वुडचं भाषण १९९३ च्या शरदातलं. तिथून सात हंगाम मागे गेलं की शेवटचा कप येतो १९८५-८६ चा. चार्ली कप जिंकून त्याच वर्षी बाहेर पडला असं धरलं, तर त्याचा जन्म डिसेंबर १९६७ चा.

आणि लेखिकेने पुढे दिलेली अंतरं काय म्हणतात? बिल चार्लीहून दोन वर्षांनी मोठा, चार्ली पर्सीहून तीन वर्षांनी. या हिशेबाने चार्ली १२ डिसेंबर १९७२ चा. पाच वर्षांची तफावत! एवढ्यात एक अख्खा धाकटा भाऊ मावेल.

इथे बरेच जण १९७२ म्हणून मोकळे होतात, कारण फॅन विकीवर तेच छापलंय. मला विकीबद्दल आदर आहे, पण जन्मसाल बघून तिथेच थांबायचं तर मग कालपट करायचा कशाला? १९७२ धरून पुढचा हिशेब मांडून बघा. हॉगवर्ट्स, म्हणजे त्यांची सात वर्षांची जादूची शाळा, सुरू होते १ सप्टेंबरला, तोवर अकरा पूर्ण हवीत. आपल्याकडे कट-ऑफ चुकल्याने वर्ष गेलेली मुलं असतात ना, बिल (२९ नोव्हेंबर) आणि चार्ली दोघेही त्यातलेच. म्हणजे चार्लीचा प्रवेश १९८४, बाहेर जून १९९१. हॅरी आला सप्टेंबर १९९१ ला. मधे एकही हंगाम नाही! मग ‘चार्ली गेल्यापासून’ म्हणजे कधीपासून? उन्हाळ्याच्या सुट्टीपासून? शिवाय ग्रिफिंडॉरच्या प्रमुख मॅकगोनागल ज्या मॅचबद्दल हळहळतात, जिच्यात स्लिदरिन या दुसऱ्या हाउसने आपल्याला लोळवलं आणि नंतर कित्येक आठवडे त्यांना स्लिदरिनच्या प्रमुख स्नेपच्या नजरेला नजर देववेना, ती आदल्याच वर्षीची. म्हणजे ती टीम चार्लीची निघते. इंग्लंडकडून खेळला असता असा सीकर (सोनेरी चेंडू पकडणारा खेळाडू) टीममध्ये असताना अशी धूळधाण?

दुसरीकडे १९६७ पण टिकत नाही. वुड पहिल्या पुस्तकात पाचवीत (शाळेच्या पाचव्या वर्षात) आहे, म्हणजे तो आला १९८७ ला. चार्ली १९८६ लाच गेला असेल, तर वुडने त्याला खेळताना पाहिलेलंच नाही. पण हॅरीने पन्नास फुटांवरून सूर मारल्यावर मॅकगोनागल वुडलाच सांगतात की हे चार्ली वीझलीलाही जमलं नसतं. आणि वुड स्वतः हॅरीला म्हणतो की तू चार्लीच्याही पुढे जाशील. ऐकीव माणसाशी कोणी अशी तुलना करत नाही. त्यात चौथ्या पुस्तकाची भर. त्यातल्या स्पर्धेच्या तिसऱ्या टास्कच्या दिवशी आई मॉलीबरोबर शाळेत आलेला बिल म्हणतो की पाच वर्षांनी हे पाहतोय. ते जून १९९५. चार्ली १९६७ चा असेल तर बिल १९८४ लाच बाहेर, म्हणजे अकरा वर्षं. पाच आणि अकरात केवढा फरक.

हे सगळं स्प्रेडशीटवर मांडत होते आणि शीट दर वेळी एक वर्ष इकडेतिकडे करत होती. कारण साधं होतं. मी रकाने जानेवारी ते डिसेंबर ठेवले होते आणि यांचं वर्ष चालतं सप्टेंबर ते जून. आता प्रत्येक रकाना ‘१९८५-८६’ असा शालेय वर्षाचा केलाय. ज्यांच्या शीटमध्ये अजून इसवी सनाचे रकाने आहेत, त्यांनी आधी ते बदला, मग माझ्याशी वाद घाला.

रकाने बदलले आणि चार्लीची पट्टी सहज एक घर डावीकडे ओढून पाहिली. जन्म १२ डिसेंबर १९७१. प्रवेश १९८३, बाहेर जून १९९०. आता बघा हं. १९९०-९१ हा एक हंगाम चार्लीशिवाय गेला. लोळवलेली मॅच त्यातली, म्हणजे मॅकगोनागल खऱ्या. कप त्या वर्षीही नाही, म्हणजे फ्रेड खरा. जुळे (फ्रेड आणि जॉर्ज) १९८९ ला आले, त्यांनी चार्लीचं शेवटचं वर्ष डोळ्यांनी पाहिलंय. वुडने त्याच्याबरोबर तीन वर्षं काढलीत. आणि १९८५-८६ चा कप? तेव्हा चार्ली तिसरीत. तिसरीतला सीकर कप जिंकून देतो यात अशक्य काही नाही, हॅरीने तिसरीतच दिला की! त्यानंतर चार्ली कॅप्टन झाला आणि कप काही आला नाही. फ्रेडचं वाक्य नीट वाचा: गेल्यापासून जिंकलो नाही, एवढंच तो म्हणतो. जाण्याच्या वर्षी जिंकलो होतो असं कुठे म्हणतो? ते आपणच मनाने घातलेलं.

वुडचे सात हंगामही जागेवर आहेत: १९८६-८७ पासून १९९२-९३ पर्यंत. शेवटच्या वर्षी तर स्पर्धाच रद्द झाली होती, ती त्याने धरलीय.

राहिला बिल. त्याला मी नोव्हेंबर १९७० वरून हलवलेला नाही, त्यामुळे तो बाहेर पडतो जून १९८९ ला. जून १९९५ पर्यंत सहा वर्षं होतात, पाच नाही. इथे मी बराच वेळ अडकले. मग सुचलं ते असं: १९९० च्या उन्हाळ्यात बिल चार्लीची शेवटची मॅच बघायला आला असेल. तिथून मोजली की बरोबर पाच! याला पुस्तकात पुरावा शून्य. म्हणून शाईने नाही, तुटक रेघेने काढलंय. पण काय गोड बसतंय, एवढं तर मान्य करा.

किंमत एकच मोजावी लागते. लेखिकेने दिलेली अंतरं मोडतात: बिल आणि चार्लीत दोन वर्षांऐवजी जेमतेम एक उरतं, चार्ली आणि पर्सीत तीनाऐवजी चार होतात. माझं म्हणणं, पुस्तकात छापलेलं आधी, नंतर सांगितलेलं नंतर. ज्यांना हे पाखंड वाटतं त्यांनी खुशाल १९७२ ठेवावं, पण मग मॅकगोनागलची मॅच कुठे बसवता ते दाखवावं.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. भावांची वर्षं अशी घसरतात, पण उंदराची नाहीत. स्कॅबर्स हा उंदीर (खरं तर रूप बदलून लपलेला माणूस) १९८१ ला घरात आला, १९९३-९४ मध्ये बारा वर्षांचा हिशेब बाहेर येतो आणि तो तंतोतंत जुळतो. तेव्हा पर्सी पाच वर्षांचा होता, त्या वयात मूल बागेतून उंदीर उचलून आणणारच. कथा उंदरावर टांगलेली होती, म्हणून उंदीर मोजून ठेवला. बिल आणि चार्लीचं पहिल्या तीन पुस्तकांतलं काम वेगळं. त्यांनी लांब असायचं, एकाने आफ्रिकेत ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेसाठी आणि दुसऱ्याने रोमेनियात ड्रॅगनपाशी, आणि धाकट्या रॉनच्या डोक्यावर हेड बॉय आणि क्विडिच कॅप्टन ही दोन बिरुदं लटकत ठेवायची. त्याला जन्मतारीख लागत नाही. चार्ली पहिल्या पुस्तकात फक्त एका पत्रातून येतो, आणि ते पत्र रॉनच्या पुस्तकात राहतं, पुस्तक हॅरीचा शत्रू मॅलफॉय नेतो, आणि शेवटी पोरं रात्री जंगलात शिक्षा भोगत असतात. न दिसलेल्या दादाने केवढं रामायण घडवलं!

म्हणून लिहिता लिहिताच बेत बदलतेय. पुढची पट्टी पर्सीच्या भांडणाची करणार होते, ती थांबेल. त्याऐवजी वर्षांच्या खाली एक वस्तूंची पट्टी. रॉन ट्रेनमध्ये हॅरीला सांगतो ते सगळं: बिलचे जुने झगे, चार्लीची जुनी कांडी, पर्सीचा जुना उंदीर. प्रत्येक वस्तू कोणाकडून निघाली, कधी, आणि का. उंदीर सोपा: पर्सी प्रीफेक्ट (हाउसचा मॉनिटर) झाला, त्याला घुबड मिळालं, उंदीर खाली सरकला. कांडी अवघड. टोकाला युनिकॉर्नचा केस बाहेर डोकावण्याइतकी झिजलेली, आणि कांडी तर जादूगाराला निवडते म्हणतात, मग चार्लीने ती टाकली का? नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून नवी घेतली असावी असं मला वाटतं, आणि १९९० ला शाळा सुटली असेल तर सवडही मिळते. झग्यांचं तर काहीच कळत नाही. बिलचे झगे मधल्या चौघांना ओलांडून थेट रॉनकडे कसे आले? चौथ्या पुस्तकातला चार्ली आठवा, जुळ्यांसारखा बुटका आणि दणकट. बिल आणि रॉन उंच. बांध्यानेच वारस ठरला की काय? हे आत्ता लिहिताना सुचलं. म्हणजे पट्टीत उंचीचा रकानाही आला.

साहित्याबद्दल थोडं. चिकट चिठ्ठ्या पावसाळ्यात भिंतीवर टिकत नाहीत, सकाळी सगळं वीझली खानदान जमिनीवर पडलेलं असतं. ऑनलाइन मागवलेली जाड कार्डं कोपरे दुमडून आली, तक्रारीला उत्तर नाही. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडचा साधा ड्रॉइंग पेपर आणि दोरा-पिना, यापुढे तेच. ई-बुकातला शोध उपयोगी, पण ‘चार्ली’ टाकून भागत नाही, कितीतरी ठिकाणी तो नुसता ‘तुझा भाऊ’ असतो. सिनेमांकडून मदतीची आशा ठेवू नका. तिथे चार्ली तिसऱ्या भागातल्या इजिप्तच्या फोटोपुरता आहे. बिल आणि चार्ली हवेत टेबलं उडवून एकमेकांवर आदळवतात, आणि वरच्या खिडकीतून पर्सी कढयांच्या बुडांच्या जाडीवरच्या अहवालासाठी आवाज कमी करा म्हणून ओरडतो, तो चौथ्या पुस्तकातला अख्खा प्रसंग गाळला. तिघं मोठे भाऊ एका पानात उभे करणारा प्रसंग होता तो.

आता पाचवं, सहावं आणि सातवं पुस्तक फक्त चार्लीसाठी चाळायचंय. सातव्यात लग्नाआधी मॉली त्याचे केस कापते, ते धरलंय. कोणाला त्याच्या शाळेच्या दिवसांचा आणखी उल्लेख सापडला तर कळवा. पान नको, प्रकरण सांगा. आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत.