शाकारणीला आलेले परदेशी पाहुणे

खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरचं चर्च. जांभ्याच्या भिंती, ऐनाचे वासे, वर मंगळुरी कौलं. आत बाकं नाहीत, सतरंज्या. मे महिन्यात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती मंडळीतून आठ जण सेवेला आले, तेव्हा शाकारणीची, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं काढून, साफ करून पुन्हा बसवायच्या कामाची, देखरेख माझ्याकडे होती. त्यांना खरं तर भिंती रंगवायच्या होत्या. रंगकाम सगळ्याच टीमना आवडतं, संध्याकाळपर्यंत फोटोत दिसतं. पण इथल्या पावसात गळक्या छपराखालचा रंग गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

कागदपत्रांचं आधीच स्पष्ट केलं होतं. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला उपासनेला बसता येतं. प्रवचन करता येत नाही, पत्रकं वाटता येत नाहीत. मोबदला न घेता थोड्या दिवसांचं सेवाकाम चालतं. आणि विदेशी देणगीच्या 2010 च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला परदेशी पाहुण्याकडून डॉलर काय, रुपयाही घेता येत नाही. त्यामुळे कौलं, रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी आडव्या पट्ट्या), सिमेंट सगळं मंडळीनं दानार्पणातून आधीच आणून ठेवलं होतं. पाहुण्यांनी फक्त हात द्यायचे.

छप्पर गळण्याची कारणं तीन. वानरांनी कौलं सरकवलेली, खोबणीत शेवाळ साचून पाणी उलटं चढलेलं, आणि वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, दोन रिपा वाळवीनं पोकळ झालेल्या. रीप वरून चांगली दिसते, हातोडीनं ठोकली की कळतं. पोकळ रीप बद्द वाजते.

टीममधल्या एका इंजिनिअरचं म्हणणं, एक अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उतरवू, काम लवकर उरकेल. चर्चचे पंच लगेच म्हणाले, ‘‘नको ओ, सगळं उघडं टाकू नका.’’ त्याला दोन कारणं. एका बाजूचं वजन गेलं की दुसऱ्या पाख्याचा भार आढ्याला (छपराच्या माथ्याला) ढकलतो आणि जुने सांधे हलतात. एक कौल साधारण अडीच किलोचं, एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास. म्हणजे चाळीस चौरस मीटर छपरावरही दीड टन ओझं. दुसरं कारण वळीव. म्हणून दोन्ही पाख्यांवर समोरासमोर सहा-सहा फुटांचा पट्टा उघडायचा, बंद करायचा, मग पुढे सरकायचं.

पाहुण्यांना शिडीपासून अंगणापर्यंत रांगेत उभं केलं. मंडळीतल्या बायका, पोरंही रांगेत शिरली. एका वेळी दोनच कौलं, हातातून हातात, फेकाफेकी नाही. खाली कौलं आडवी न रचता कडेवर उभी लावायची, नाहीतर तळातली तडकतात. ब्रशनं शेवाळ काढायचं काम पाहुण्यांनी फार मन लावून केलं. जुन्या कौलांवर मंगळुरूच्या कारखान्याचा शिक्का बघून त्यांनी चौकशी केली. ही कौलंही मिशनचीच देणगी : स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्यानं 1860 च्या दशकात मंगळुरूत पहिला कारखाना काढला.

वर मात्र गावातलेच दोघे. हौसेनं चढलेल्या एका पाहुण्याचा पाय कौलाच्या मध्यावर पडला आणि कौल फुटलं. पाय द्यायचा तो खाली रीप असते तिथं, दोन कौलं एकमेकांवर येतात त्या जागी. नवी रीप मारताना टेपपेक्षा कौलच माप म्हणून धरावं : वरच्या कौलाचं नाक रिपेला अडकलं पाहिजे आणि खालच्या कौलावर त्याची कड नीट बसली पाहिजे. रिपांमधलं अंतर साडेबारा इंचांच्या जवळपास येतं. मांडणी नेहमी वळचणीकडून आढ्याकडे.

साडेतीनला पश्चिमेकडून वारा सुटला आणि वळीव कोसळला. उघडे होते फक्त दोन पट्टे. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडली, टोकांना वाळूची पोती बांधली. खिळे मारायचे नाहीत. वारा भरला की ताडपत्री फाटते आणि रीपही उपटते. आतल्या सतरंज्या गुंडाळून वेदीपाशी ठेवल्या, पेटी-तबला पाळकांच्या घरी गेला. अर्ध्या तासात पाऊस थांबला. एका कोपऱ्यात बादलीभर पाणी जमलं होतं, तेवढंच. अख्खं पाखं उघडं असतं तर मातीची जमीन उखडून गेली असती.

‘‘पत्रे का घालत नाही?’’ हे पाहुण्यांनी विचारलंच. पत्रा स्वस्त, वानरांची कटकट नाही, हे खरं. पण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की पाळकांचं बोलणं पुढच्या ओळीलाही ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात उकाड्यानं खाली बसवत नाही. माझं मत कौलांच्याच बाजूचं आहे, दरवर्षी शाकारणी करायची तयारी असेल तर.

आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची फट झाकणारी कौलं, बसवायला पाहुण्यांना दिले नाहीत. ते काम गवंड्याचं. सिमेंट-वाळूच्या एकास तीन मालात बसवायचे, घाटाकडून येणाऱ्या पावसाला तोंड देणारी कड आधी भरायची, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. पाणी मारायचं पंचांच्या पोरांनी अंगावर घेतलं, कारण टीमचं दोन दिवसांनी गोव्याहून विमान होतं.