लाँगइयरब्येन ते न्यू-ऑलेसुंड : 25 मिनिटं, पण धुक्याची मर्जी असेल तर

हिमाद्रीला जायचं ठरल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न, "विमानाने किती तास?" नॉर्वेची राजधानी ओस्लोहून स्वालबार्ड बेटांवरचं मुख्य गाव लाँगइयरब्येन थेट विमानाने साधारण तीन तास, इथपर्यंत सोपं होतं. गोची शेवटच्या टप्प्यात आहे.

हिमाद्री हे भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र. 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंड गावात आहे आणि त्याचा कारभार गोव्यात, वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. लाँगइयरब्येनपासून हे गाव सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईच्याच आसपास. फोनवरच्या नकाशात मात्र भलतंच लांब दिसतं, कारण 78 अंश उत्तरेला तो नकाशा सगळं जवळपास पाचपट ताणून दाखवतो. अंतर मोजून देणाऱ्या साइट्सचं उलटं. त्या जेटचा वेग धरून भागाकार करतात आणि दहा मिनिटांच्या आत पोचवतात! इथे जेट उतरतच नाही. धावपट्टी खडीची, एक किलोमीटरही लांब नाही. जातं ते दोन पंख्यांचं छोटं डॉर्निअर 228. (हेच विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते.) त्याला लागतात 25 मिनिटं.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनबाहेर (म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाबाहेर) आहे. ओस्लोमार्गे जाऊन परत नॉर्वेत शिरायचं म्हणजे दुसऱ्यांदा शेंगेनमध्ये प्रवेश. तेव्हा व्हिसा किमान दोन प्रवेशांचाच घ्या.

सामानाच्या वजनाला कडक मर्यादा. उपकरणं की लोकरीचे कपडे, हा हिशेब आदल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर मांडला. जाडे बूट पायातच घालायचे, तेवढंच वजन वाचतं. सकाळी तयार होऊन बसलो, तर निरोप आला: तिकडे खाडीवर ढग खाली उतरलेत, थांबा. लाँगइयरब्येनला लख्ख ऊन! दुसरी सोय म्हणावी तर दोन गावांमध्ये रस्ताच नाही. दर थोड्या वेळाने "अजून नाही" एवढंच कळायचं. बरोबरचे जुने जाणते निवांत कॉफी पीत होते, घड्याळाकडे मीच बघत होतो.

अखेर उडालो. खाली हिमनद्यांच्या भेगा इतक्या जवळून दिसतात की कॅमेरा काढेपर्यंत विमान उतरायला लागतं. त्याआधी फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करायचं. तिथल्या रेडिओ दुर्बिणींना त्रास नको म्हणून गावाच्या 20 किलोमीटर परिसरात अशा लहरींना बंदी आहे. इंटरनेट आहे, पण वायरने. घरी "पोचलो" कळवायला लॅपटॉप उघडून केबल जोडावी लागली.

येताना हेच सगळं उलट्या क्रमाने. म्हणून लाँगइयरब्येनहून ओस्लोचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. मधे एक मुक्काम धरा, आणि तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या.