आमची वाटचाल : ठिबक बघायला आलेली मंडळी आणि झिख्रोन याकोव्ह

आमचा धंदा छोटा. एक मिनीबस, गाइडचा परवाना असलेला मी आणि हिशेब बघणारी बायको. मी मूळचा रेवदंड्याचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला; आता राहतो इस्राएलमधल्या लोदला. महाराष्ट्रातून अभ्यास दौऱ्यावर येणाऱ्या शेतकऱ्यांना मराठीतून इस्राएल दाखवतो. ठिबक, किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्त्या, जेरुसलेम, मृत समुद्र हे सगळेच दाखवतात. आमचं नाव झालं ते झिख्रोन याकोव्हमुळे.

हैफाच्या दक्षिणेला कार्मेल डोंगरावरचं हे द्राक्षांचं गाव १८८२ मध्ये रोमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी वसवलं. खडकाळ जमीन, जवळचा पैसा संपलेला. मग पॅरिसच्या बॅरन एदमों द रॉथशिल्ड यांनी हात दिला, बागा लावून घेतल्या, वाइनची तळघरं बांधली. मदतीबरोबर त्यांचे कारभारीही आले, आणि शेतकऱ्यांचं त्यांच्याशी कधी जमलं नाही. हे सांगितलं की आमची मंडळी हसतात; साखर कारखाना त्यांनी बघितलेला असतो.

१८८६ च्या ओहेल याकोव्ह सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या दारात सगळे सवयीने चपला काढू लागतात. मी सांगतो, चपला राहू द्या, डोकं झाका. गांधी टोपीवाले थेट आत, बोडक्या पोरांना किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी.

खरा रंग भरतो बागेत. फिलॉक्सेरा किडीने इथल्या जुन्या वेली गेल्या, मग अमेरिकन खुंटावर कलमं केली, एवढं म्हणायचा अवकाश, नाशिककर त्यांच्याकडच्या डॉगरिज खुंटावर बोलायला सुरू होतात. नव्या वेलीचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही, हा ज्यू धर्मनियम सांगितला तेव्हा निफाडच्या एका काकांनी विचारलं, "मग बँकेचा हप्ता कोण भरणार?" मी अजून उत्तर शोधतोय. तळघरात मात्र बजावावं लागतं, पिंपांना, नळांना हात लावू नका. कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणारी वाइन शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रामदिन) पाळणाऱ्या ज्यूंनीच हाताळायची असते.

शेवटी मी आमचं सरबत देतो. कोकणात वाइन कुठली? आजी शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायची आणि त्यावरच किद्दुशची, म्हणजे शब्बाथच्या आरंभी वाइनच्या पेल्यावर म्हणायची प्रार्थना व्हायची. तासगावचे लोक पेला संपवून आधी मनुकांचा भाव विचारतात.

२०२० मध्ये कोरोनाने आणि ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धाने दौरे थांबले. बस कामगारांच्या ने-आणीला लावली, म्हणून हप्ते तरी भरता आले.

मे महिन्यात येणाऱ्यांना इथे कच्चे घड दिसतात, दिवाळीत नुसती पानं. म्हणून पुढचा दौरा ऑगस्टअखेर, ऐन तोडणीत ठेवतोय. तोवर नाशिकची द्राक्षांची ऑक्टोबर छाटणीही सहसा सुरू झालेली नसते, म्हणजे मंडळींना सवड असते.