इन्सुलिनची सुई आणि गुरुवारची दुपार

नऊ वर्षे गोळ्यांवर काढल्यानंतर २०२३ च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितले, तेव्हा मी ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि तीन आठवडे बाहेर काढलीच नाही. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.८ आली होती आणि माझ्या बाबतीत ती सातच्या आसपास असावी असे त्यांचे म्हणणे होते. गोळ्या मी चुकवत नव्हते. पण इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, ही समजूत माझ्या मनात पक्की बसली होती, कारण सासूबाईंना ते सुरू झाले आणि वर्षभरात त्या गेल्या. त्यांच्या मूत्रपिंडांनी आधीच हात टेकले होते आणि इन्सुलिन त्यानंतर आले, हा क्रम मी कधी लक्षातच घेतला नव्हता.

सांगलीत आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार मधुमेही बायकांची बैठक भरते. ही वेळ बायकांनीच ठरवली आहे, कारण जेवणाची आवराआवर झाल्यानंतर आणि संध्याकाळच्या चहाच्या आधी तेवढाच वेळ त्यांच्या हातात उरतो. दवाखान्यातल्या सिस्टर कोपऱ्यात बसून ऐकतात आणि चुकीचे काही बोलले गेले तरच मध्ये पडतात. माझी शाळा सकाळच्या सत्राची असल्यामुळे वेळेची सबब मला नव्हती. मात्र, जन्मभर दुसऱ्यांना शिकवल्यामुळे आपल्याला कोणी शिकवावे हे मला फारसे सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची धरली.

त्या दिवशी मंडईत भाजी विकणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या एक मावशी बोलत होत्या. त्यांनी निऱ्या जरा खाली करून पोटावरच्या, बेंबीच्या डाव्या बाजूच्या दोन टणक गाठी आम्हाला हात लावून बघायला लावल्या. अनेक वर्षे एकाच जागी सुई घेतल्याने त्या झाल्या होत्या, आणि अशा जागी दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून जागा रोज बदलायची असते. “ह्या गाठी साखरंनं न्हाई, माझ्या आळसानं झाल्यात,” असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला नवी, रिकामी सिरिंज दिली आणि स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरायला सांगितली. सुई आत गेल्याचे मला सिस्टरांनी सांगितल्यावर कळले. तीन आठवडे मी नेमके कशाला घाबरत होते, याची त्या घटकेला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा आणि रात्री आठ युनिट असे इन्सुलिन सुरू झाले. एप्रिलच्या उन्हाळ्यात कुपी फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, हे मला सांगितले गेले होते. मावशींकडे फ्रिज नसल्याने त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवत. आठवडा गेला तरी माझी उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली येईना. मी पथ्य पाळत नसेन, असे घरी सगळ्यांनी गृहीत धरले आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले.

पुढच्या गुरुवारी एकीने मला सिरिंज दाखवायला सांगितली आणि टोपण पाहताच ती म्हणाली, “अहो, ही नारिंगी आहे.” आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज लागते आणि दुसरीसाठी नारिंगी टोपणाची. माझी कुपी ४० ची होती, पण औषधाच्या दुकानातून नारिंगी सिरिंज आली होती. त्यामुळे दहाच्या रेघेपर्यंत भरूनही माझ्या शरीरात चारच युनिट जात होते. उलट झाले असते, म्हणजे १०० ची कुपी आणि लाल टोपण अशी गाठ पडली असती, तर दहाच्या जागी पंचवीस युनिट गेले असते आणि साखर फार उतरून मी बेशुद्धही पडू शकले असते. मी गणित शिकवते. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहणे मला सुचले नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेले नाही. सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना विचारून लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या, आणि पंधरवड्यात सकाळची साखर दीडशेच्या आत आली.

त्या वर्षी आषाढी एकादशी नेमकी गुरुवारी आली. मी सकाळचे इन्सुलिन नेहमीइतकेच घेतले आणि दिवसभरात एका केळ्यावर राहिले. बैठकीत मला घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरची बोलते आहे ते कळेना. कोणीतरी बोट टोचून पाहिले तेव्हा साखर ५८ निघाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ती ९१ झाली होती, आणि मग एकीने डब्यातले पोहे खायला घातले. उपास मोडल्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. त्यानंतरची चर्चा मात्र लांबली: उपास करायचाच असेल तर डोस किती हे आधी डॉक्टरांना विचारायचे, आणि साबुदाण्याच्या खिचडीने साखर कशी भराभर चढते, हेही त्यात आले.

सगळेच काही गोड नव्हते. एक बाई कारल्याची पावडर विकायला आणत आणि ती घेतल्यावर सुई सोडता येते असे सांगत. त्यांच्या नादाने दोघींनी खरोखरच सुई सोडली होती. तेव्हापासून कोणीही दुसरीचे औषध किंवा डोस बदलायला सांगायचे नाही असा नियम झाला, आणि तो नसेल तर अशी बैठक न भरलेलीच बरी, असे माझे मत आहे. दुसरीकडे, खाजगी जागेची खाज आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग यांचा वाढलेल्या साखरेशी संबंध असतो, हे पुरुष डॉक्टरांसमोर कधीच न बोललेल्या सहा-सात जणींना तिथेच पहिल्यांदा कळले. त्यांत मीही होते.

तिथेच मला आणखी एक गोष्ट उमगली. १९९८ मध्ये मुलीच्या वेळी गरोदरपणात माझी साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर ती उतरली, म्हणून विषय संपला असे मी धरून चालले. अशा बाईला पुढे मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो आणि तिने ठरावीक काळाने तपासणी करत राहायला हवी, हे त्या वेळी मला कोणी सांगितले नाही. २०१४ मध्ये निदान झाले तोवर तो किती वर्षे अंगात होता, कोण जाणे.

मुलीला यंदा दिवस गेले तेव्हा हे सगळे मी तिला फोनवर सविस्तर सांगितले. तिने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आईची हकीकत सांगितली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त दिले आणि आकडा १२८ आला. गरोदरपणात तो १४० च्या आत असावा लागतो. मी सुटकेचा श्वास सोडला, तेव्हा तीच म्हणाली, “आई, चोविसाव्या आठवड्यात परत करायची आहे.” ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशीही गुरुवारच आहे.