स्पॉट ओळखावा बुडाकडून

पाच नंबरच्या स्पॉटने, म्हणजे नाटकाच्या स्टेजवर झोत टाकणाऱ्या दिव्याने, माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. भिंतीवर प्रकाशाचा गोल स्वच्छ पडायला हवा, तर त्याच्या एका कडेला चंद्रकोरीएवढा काळोख. लेन्स पुसली, नळी पुढेमागे केली, लॅम्प बदलला. कोर जागची हलेना.

इंग्लंडात, लेस्टरमध्ये, आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर एक हौशी नाट्यमंडळ आहे. नव्वद खुर्च्या, चहाची खिडकी आणि स्टेजखाली अडगळीची खोली. दर मंगळवारी मी तिथे लाइटचं काम करतो. पोटापाण्यासाठी लिफ्टचे कंट्रोल पॅनल दुरुस्त करत असल्यामुळे शिडीची आणि टेस्टरची भीती नाही. शिवाय मी सांगलीचा. कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी भावे नाट्यमंदिराच्या विंगेत अण्णांच्या हाताखाली जिलेटीन, म्हणजे लाइटपुढे लावायचे रंगीत कागद, कापायचो. अण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले लाइटवाले. तरुणपणी त्यांनी मिठाच्या पाण्याचा डिमर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायचं साधन, वापरला होता. पाण्यात पत्रा खाली सोडला की लाइट चढायचा, वर ओढला की उतरायचा. असलं काही कुणी करू नये, पण गोष्ट ते फार रंगवून सांगायचे.

तर त्या अडगळीत सहा स्पॉट होते. सगळे स्ट्रँड इलेक्ट्रिकचे ‘पॅटर्न २३’. हा स्पॉट लंडनच्या या कंपनीने १९५३ मध्ये काढला. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं अंग, पोटात आरसा, पुढे लेन्सची नळी, ताकद पाचशे वॅट. इथल्या शाळांतून, चर्चच्या हॉलांतून तो अजून सापडतो. त्याचाच भाऊ ‘पॅटर्न १२३’. नाव आणि वॅट दोन्ही जवळचे, म्हणून लोक गफलत करतात. पण १२३ च्या तोंडाशी फ्रेनलची कंगोऱ्यांची काच असते आणि त्याच्या प्रकाशाची कड विरघळल्यासारखी पडते. २३ ची कड सुरीने कापल्यासारखी. अंधारात दोघांना एकदा भिंतीवर टाकलं की पाटी वाचायची गरज उरत नाही.

पाटीवर तसाही माझा फार विश्वास नाही. पाटी सांगते तो कारखान्यातून काय म्हणून बाहेर पडला. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत त्याच्या पोटात कुणी काय केलं, ते पाटीला ठाऊक नसतं. म्हणून मी पहिला बघतो तो होल्डर. लॅम्प जिथे बसतो ते बूड.

पॅटर्न २३ चा मूळ होल्डर पी२८एस. लॅम्पच्या पितळी टोपणाला दोन पाकळ्या असतात, एक रुंद, एक अरुंद. रुंद पाकळी रुंद खाचेत घालायची, दाबायचं आणि फिरवायचं. उलटा बसतच नाही, त्यामुळे फिलामेंट दर वेळी आरशासमोर नेमक्या जागी उभं राहतं. यात जुना लॅम्प टी१, मोठ्या काचेचा. नंतर त्याच टोपणात हॅलोजन टी१७ आला, तोही पाचशे वॅटच. इथे एक सापळा आहे. ह्याच टोपणाचे हजार वॅटचे लॅम्पही निघाले होते, आणि ते खाचेत मुकाट बसतात. स्पॉट मात्र पाचशेच्या उष्णतेसाठी ओतलेला. होल्डर करपतो, आतल्या वायरी कडक होऊन तुकडे पडतात. बसला म्हणजे चालला, असं नसतं.

दोन पिनांच्या लॅम्पांत घोळ आणखी वाढतो. बुडाच्या दोन जाती, जीवाय९.५ आणि जीएक्स९.५. दोन्ही नावांतलं साडेनऊ म्हणजे पिनांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. पण बैठक वेगळी आणि फिलामेंटची उंचीही वेगळी. पाचशे वॅटचा टी१८ जीवाय बुडाचा, त्यात फिलामेंटचा मध्य बुडापासून ४६.५ मिलिमीटरवर. हजार वॅटचा टी१९ जीएक्स बुडाचा, त्यात ५५.५ वर. पी२८एसच्या टी१ आणि टी१७ मध्येही ५५.५ च. हा आकडा लॅम्पच्या माहितीपत्रकात असतो आणि तो कुणीही वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

तिसऱ्या संध्याकाळी वैतागून पाच नंबरचं बूड उघडलं. आत पी२८एस नव्हताच. कुणीतरी, कधीतरी, मूळ होल्डर काढून त्या जागी जीवायचा पांढरा चिनीमातीचा होल्डर दोन स्क्रूंनी ठोकून दिला होता. मी त्याच्यात इमानदारीने टी१८ घालत होतो, कारण तोच बसत होता. शेजारी चार नंबरचा स्पॉट उघडून ठेवला आणि दोन्हींत स्टीलची पट्टी उभी धरली. पाचचं फिलामेंट चारपेक्षा सात मिलिमीटर खाली. कागदावरचा फरक नऊचा, पण होल्डरची स्वतःची उंची वेगळी असते, म्हणून पट्टीवर दिसेल तेच खरं धरायचं. लॅम्प आरशाच्या मध्याखाली बसलेला, त्यामुळे प्रकाशाचा गठ्ठा गेटमधून, म्हणजे लेन्सआधीच्या चौकटीतून, तिरका निघत होता. काळी कोर त्याचीच.

अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे कापून होल्डरखाली सारले, लांब स्क्रू घातले, अर्थची वायर पुन्हा घट्ट केली. भिंतीवर टाकला. कोर गेली.

लगे हात बाकीचेही पाच उघडले. आरशांवर वर्षांची धूळ होती. सांगलीचा हात अशा वेळी आपोआप राखेकडे, रांगोळीकडे, फार तर पितांबरीकडे जातो. आवरावा. आरशाला ओरखडा पडला की प्रकाश कायमचा गेला. मऊ कापड, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, एवढंच. लेन्स बाहेर काढून बशीसारखी धुतली तरी चालते, पण पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत घालायची नाही. दोन होल्डरांच्या स्प्रिंगवर काळे खड्डे पडले होते. ते पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरायचा मोह होतो. मी बदलतो. खराब होल्डर नव्या लॅम्पचं टोपण खातो, आणि मग तो लॅम्प दुसऱ्या चांगल्या होल्डरमध्ये गेला की त्यालाही खातो. हे खरजेसारखं पसरतं.

हॅलोजनच्या काचेला उघडा हात लावायचा नाही, हे सगळेच सांगतात. बोटाचं तेल राहतं, तिथे तापून काच पांढरी पडते, फुगते. लागलाच हात तर स्पिरिटने पुसून मग पेटवायचा. कमी लोक सांगतात ती गोष्ट डिमरची. हॅलोजनचं चक्र, म्हणजे फिलामेंटवरून उडालेला धातू परत फिलामेंटवर आणून बसवणारी क्रिया, चालायला काच चांगली तापावी लागते, अडीचशे अंशांच्या वर. प्रयोगभर वीस टक्क्यांवर मिणमिणत ठेवलेला लॅम्प आतून काळा पडू शकतो. म्हणून तालमीनंतर मी सगळे पाच मिनिटं फुल्लवर ठेवतो. खजिनदारबाई वीजबिलाकडे बोट दाखवतात. मी लॅम्पच्या किमतीकडे.

एक काम मात्र मी केलं नाही. तीन नंबरच्या शेपटीवर, म्हणजे स्पॉटमधून बाहेर येणाऱ्या वायरींवर, राखाडी-पांढरी, सुती दोऱ्यासारखी विणलेली नळी होती. त्या काळच्या स्टेज लाइटांत अशा ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेलं असायचं. नुसतं बघून सांगता येत नाही, आणि सोलून बघणं हाच तर धोका, कारण त्याची धूळ फुप्फुसात जाते. स्पॉट जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला, वर चिठ्ठी लावली आणि कमिटीला सांगितलं की परवानाधारक माणूस बोलवा. भारतात असे जुने स्पॉट भंगारवाल्याच्या हातोडीखाली फुटताना मी पाहिलेत, मीही तिथेच उभा होतो, तोंडाला रुमालसुद्धा नव्हता.

प्लगांची गंमत राहिलीच. इथल्या घरांत चौकोनी पिनांचे प्लग, पण स्टेजवरच्या डिमरला अजून पंधरा अँपिअरचे गोल तीन पिनी. आपल्याकडे गिझरला असतो, त्याच घराण्यातला. पहिल्या दिवशी ते बघून मला सांगलीतलं न्हाणीघर आठवलं होतं.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला आणि पाचचं पोट कॅमेऱ्यासमोर धरलं. नजर अधू झालीय त्यांची, मोतीबिंदू.

“जवळ धर की. अजून. हां. पट्टी कशाची लावलीस?”

“अ‍ॅल्युमिनियमची, अण्णा.”

“ढिली होणार बघ ती. तापली की पसरती, गार झाली की आखडती. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घातलास का?”

नव्हते घातले.

“आणि जुना होल्डर कुठाय?”

“ज्यानं बदलला त्यानं टाकला असणार. पन्नास वर्षांपूर्वी.”

“सापडला तर बघ. मूळचं ते मूळचं.”

मंगळवारी वॉशर घातले. मग अडगळीतल्या लॅम्पांचा खोका उपसला. टी१७ चे तीनच उरलेत, त्यातल्या एकाचं फिलामेंट हलवल्यावर छुमछुम वाजतं, म्हणजे दोनच. खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक पी२८एस होल्डर निघाला. स्प्रिंग लख्ख, एकही खड्डा नाही. पाच नंबरचाच असेल असं नाही. पण पुढच्या मंगळवारी पाचचं बूड पुन्हा उघडायचंय, आणि या खेपेला स्टीलची पट्टी घरून न्यायला विसरायचं नाही, कारण तिथली कुणीतरी रंगाचा डबा ढवळायला नेलीय.